चाकांवरचे घर आणि तीन दगडांची चूल

(द्वितीय वर्ष, कला)

यंदाच्या जानेवारीत आमच्या वर्गाची सहल भंडारदऱ्याला गेली होती. जलाशयाकाठी तंबूंची एक रांग होती आणि रांगेच्या टोकाला एक लांबट पांढरी मोटार उभी होती. खिडक्यांना पडदे, टपावर चढायला शिडी, दाराबाहेर ओढलेली कापडी पडवी. मैत्रीण म्हणाली, "हिला कॅराव्हॅन म्हणतात. आत पलंग, ओटा, नळ, मोरी सगळं असतं. घरच चाकांवर घालून फिरायचं!" अशा गाड्यांच्या पर्यटनासाठी महाराष्ट्र शासनाने 2021 साली धोरण जाहीर केले आहे, हे मला पुढे कळले. त्या दिवशी मात्र मी नुसती बघत राहिले.

सायंकाळी त्या गाडीतल्या गृहस्थांनी जाळीची लोखंडी शेगडी बाहेर मांडली. पनीर, ढोबळी मिरची, कोंबडीचे तुकडे मसाला लावून तयार होते. दोन लहान मुले ताटल्या घेऊन बसली होती. पण कोळसा काही केल्या पेटेना. त्यांनी वरून कसलेसे तेल ओतले, मोठा भडका झाला, मुलांनी टाळ्या पिटल्या, आणि दोन मिनिटांत सगळे विझून नुसता धूर उरला. असे तीनदा झाले. शेवटी मला राहवेना. मी म्हटले, "काका, मी बघू का जरा?"

मी कोळसे बाजूला उपसले. तळाशी वाळके गवत, त्यावर काड्या, काड्यांवर बोटाएवढ्या काटक्या घातल्या आणि त्यांच्या भोवतीने कोळशाची उभी रास रचली. ज्या अंगाने वारा येत होता त्या अंगाला मूठभर जागा मोकळी ठेवली. एका काडीत पेटले. मी म्हटले, "आता यावर लगेच काही ठेवू नका. कोळशावर पांढरी राख चढू द्या." अर्ध्या तासाने पनीर भाजले गेले, आणि करपले नाही. काकूंनी कौतुकाने विचारले, "अगं, कुठं शिकलीस हे?"

"घरी," मी म्हणाले.

उत्तर खोटे नव्हते. पण पुरते खरेही नव्हते. मी विस्तव करायला शिकले ते घर चार भिंतींचे नव्हते. तेही चाकांवरून फिरणारेच होते. माझे आई-वडील ऊसतोड मजूर आहेत. वर्गातल्या मुलींसमोर ते सांगण्याची मला लाज वाटली. परतीच्या प्रवासात बसमध्ये सगळ्या गाणी म्हणत होत्या आणि मी ते एका शब्दाचे उत्तर मनात घोळवीत होते. त्या उत्तराची दुरुस्ती म्हणून हा लेख लिहीत आहे. वाटेवरचा, उघड्यावरचा स्वयंपाक कसा चालतो, त्यामागे कोणती अक्कल असते आणि त्याची किंमत कोण देते, एवढेच यात सांगावयाचे आहे.

आमचे चाकांवरचे घर

आमचे गाव पाथर्डी तालुक्यात डोंगराच्या कडेला आहे. पाऊस कमी, जमीन हलकी. बाजरी निघाली की शेतात पुढे फारसे काम उरत नाही. दसऱ्याला मोहट्याच्या देवीचे दर्शन झाले की गावात बांधाबांध सुरू होते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडायला फडावर जावेच लागते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. टोळीत माणसे किती असे कोणी विचारीत नाही, कोयते किती असे विचारतात.

हे सगळे कशामुळे सुरू झाले, हे मी महाविद्यालयात आल्यावर वाचले. प्रवरा नदीवरील भंडारदरा धरण 1926 साली पूर्ण झाले. धरणाचे पाणी नदीने खाली येते, ओझरच्या बंधाऱ्यापाशी अडवले जाते आणि तेथून कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे या भागांत फिरते. पाणी आले तसा ऊस आला. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने लोणीजवळ प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि 1950 साली तेथे गाळप सुरू झाले. पुढे राज्यभर असे कारखाने निघाले. उसाला पाणी मिळाले, गाळायला कारखाना मिळाला. तोडायला हात हवे होते. ते हात आमच्यासारख्या कोरडवाहू तालुक्यांतून आले, शेजारच्या बीड जिल्ह्यातून आले. म्हणजे ज्या पाण्याकाठी ते पुण्याचे कुटुंब कोळसा पेटवीत होते, त्याच पाण्यावर वाढलेला ऊस माझे आई-वडील त्याच संध्याकाळी खाली श्रीरामपूर तालुक्यात तोडीत होते. नदी एकच होती.

माझ्या आजीच्या काळी हा प्रवास बैलगाडीचा असे. पाथर्डीहून शेवगाव, तेथून नेवासे, मग प्रवरेचा पट्टा. तीन-चार मुक्काम वाटेत पडत. गाडीत बाजरीची पोती, पत्र्याची पेटी, तवा, परात, पातेली, पांघरुणे, कोंबड्यांची पाटी आणि वर आम्हा मुलांची आई-बापे, तेव्हाची लहान मुले. साट्याखाली कंदील बांधलेला. रात्री गाडी हेच घर. आता बैलगाडीने एवढा पल्ला कोणी जात नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार चढतो आणि एका रात्रीत फडावर उतरतो. पण तेवढ्याने प्रवास संपत नाही. एका गावचा ऊस तुटला की कोपी मोडून, बांबू आणि ताडपत्री ट्रॉलीत घालून पुढच्या गावाला जावे लागते. एका हंगामात चार-पाच वेळा आमचे घर उठते आणि बसते. दर वेळी चूल नव्याने मांडायची.

असा फिरता संसार केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत टेक्सासमधले गुराखी हजारो गुरे हाकीत महिनोन्‌महिने चालत, तेव्हा त्यांच्यासाठी 1866 साली चार्ल्स गुडनाइट नावाच्या पशुपालकाने लष्कराची एक जुनी मजबूत गाडी घेऊन तिच्या मागच्या अंगाला खणांचे कपाट बसवले. कपाटाचे झाकण खाली पाडले की तोच ओटा होई. पीठ, घेवडे, कॉफी, औषधे यांसाठी वेगवेगळे खण. आजच्या कॅराव्हॅनमधील स्वयंपाकघराचे हे जुने नातेवाईकच म्हणायचे. ‘बार्बेक्यू’ हा शब्दही मूळचा श्रीमंतांच्या अंगणातला नाही. कॅरिबियन बेटांवरील आदिवासी काठ्यांची माची करून तिच्यावर विस्तवाच्या धगीने मांस-मासे भाजीत. त्या माचीचे नाव स्पॅनिश लोकांनी उचलले आणि ते जगभर गेले. आपल्या जिल्ह्यातले मेंढपाळही घोड्यावर बिऱ्हाड घालून हिंडतात आणि मुक्काम पडेल तेथे तीन दगड मांडतात. मौज म्हणून करणारे लोक फार मागाहून आले.

जागा, दगड आणि वारा

चूल म्हणजे तीन दगड, असे आपण सहज म्हणतो. पण कोणते तीन? आजी सांगते, "वढ्यातला वला दगूड घेयाचा न्हाई." ओल्या दगडात मुरलेले पाणी तापून वाफ होते आणि वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की दगड तडकतो, कधी कधी कपची उडून डोळ्यात जाते. आपल्याकडचा काळा पाषाण घट्ट असतो, तो कोरडा असला तर धग धरून ठेवतो. तिन्ही दगड एका उंचीचे हवेत, नाही तर तवा कलतो आणि भाकरी एका अंगाला जळते. बैलगाड्यांच्या दिवसांत ठरलेल्या मुक्कामांवर, विहिरीजवळ किंवा वडाखाली, आधीच्या टोळीचे काळवंडलेले दगड तयार मिळत. आजी म्हणते की असे दगड दिसले म्हणजे तिला माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटे.

मग वारा. चुलीचे तोंड सरळ वाऱ्याकडे केले तर जाळ पलीकडून बाहेर निघून जातो, लाकूड भराभर जळते आणि तवा थंड राहतो. तोंड अगदी पाठमोरे केले तर धूर करणाऱ्याच्या तोंडावर येतो. म्हणून वारा तिरपा येईल असे तोंड करायचे आणि आडोसा द्यायचा. पूर्वी आडोसा म्हणजे गाडीची बाजू आणि तिच्यावर टाकलेले पोते. मोकळ्या माळावर वारा फार असेल तर वीतभर खड्डा खणून त्यात जाळ करायचा. मुक्काम आठवड्याहून जास्त असेल तेव्हा आई मातीची चूल घालते आणि तिला शेजारी वैल काढते. मुख्य चुलीतली धग वैलाखालून जाते. तव्यावर भाकरी चालू असताना वैलावर कालवण शिजते, त्याला वेगळे लाकूड लागत नाही.

जाळ आणि आर

भंडारदऱ्याला त्या काकांची चूक झाली ती येथे. जाळ म्हणजे विस्तव असे त्यांना वाटत होते. लाकूड तापले म्हणजे त्यातून वायू निघतात, ते पेटतात, तो जाळ. ते वायू निघून गेल्यावर मागे जो तांबडा गोळा राहतो तो निखारा. निखाऱ्यांच्या थराला आमच्याकडे आर म्हणतात. जाळ उंच जातो, हलतो, वाऱ्याने पळतो. आराची धग मात्र सगळीकडे सारखी आणि स्थिर पडते. दुकानात मिळणाऱ्या कोळशातून वायू आधीच काढून टाकलेले असतात, म्हणून तो धूर कमी करतो, पण पेटायला वेळ घेतो. वर तेल ओतले तर तेल जळते, कोळसा तसाच राहतो. भाजायचे असेल तर आर हवा, उकळायचे असेल तर जाळ हवा. आमच्या बायकांचा सगळा स्वयंपाक या एका भेदावर उभा आहे.

सरपणाचेही तसेच. फडावर पाचट वाटेल तेवढे असते, पण ते भसकन पेटते आणि भसकन विझते. त्याचा आर होत नाही. पाचट फक्त पेटवायला. कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुऱ्हाट्या चांगला जाळ देतात, पण निखारा बारीक. बाभूळ जड असते, तिचा निखारा टिकतो. कालव्याकडेला वाढणारी वेडी बाभूळही तशीच. गोवरी जाळ करीत नाही, पण आत आत तासन्‌तास धुमसते. म्हणून ज्याला मंद आणि लांब धग पाहिजे ते सगळे गोवरीवर. रोडगे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजतात ते याच कारणाने. त्यांना तवाही लागत नाही. आपल्या जिल्ह्यात हिवाळ्यात ज्याच्यासाठी शहरातून गाड्या येतात तो हुरडाही गोवऱ्यांच्या आगटीतलाच. कोवळ्या ज्वारीची कणसे त्या विस्तवात खुपसायची आणि गरम असतानाच हातावर चोळायची. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले उत्तरा’ आणि ‘फुले मधुर’ असे खास हुरड्याचे वाण काढले आहेत. हुरड्याला आता मोठा मान आहे, याचा मला आनंदच होतो. परंतु त्या विस्तवाचे ज्ञान ज्यांचे आहे त्यांच्या चुलीला मात्र अजून तो मान मिळालेला नाही.

विस्तवाचा आणखी एक प्रकार आहे, तो म्हणजे फुफाटा. वरून राखेचा ढीग दिसतो, पण आत हात घातला तर पोळतो. ‘आगीतून फुफाट्यात’ ही म्हण आपण परीक्षेत वाक्यात उपयोग करण्यासाठी पाठ करतो. मी ती लहानपणी पायाने शिकले. विझलेली चूल समजून राखेवर पाय दिला होता. डाव्या तळव्यावर त्याची खूण अजून आहे.

एका जाळात पाच कामे

आई पहाटे तीनला उठते. साडेपाचपर्यंत दोन वेळचा स्वयंपाक आटोपून फडावर पोहोचायचे असते. सरपण मोजके, वेळ मोजका. म्हणून कामांचा क्रम ठरलेला असतो, आणि तो क्रम विस्तवाच्या उतरत्या धगीप्रमाणे लावलेला असतो.

पहिल्या मोठ्या जाळावर आंघोळीचे आणि पिठाचे पाणी. बाजरीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. थंड पाण्याने मळले तर भाकरी थापताना चिरा पडतात. कढत पाण्याने पीठ थोडे शिजते आणि धरून राहते. बाजरीच्या पिठात तेलाचा अंश जास्त, म्हणून ते थोड्या दिवसांतच कडू होते. यासाठी आम्ही पीठ नव्हे, धान्य बरोबर नेतो आणि बाजारच्या दिवशी लागेल तेवढेच दळून आणतो.

जाळ सारखा झाला की तवा. भाकरी तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकत आले की उलटायची. दुसरी बाजू शेकली की ती तव्यावरून उतरवून चुलीच्या तोंडाशी, आरासमोर उभी करायची. येथे खरे भाजणे होते. समोरून येणाऱ्या धगीने भाकरीतल्या पाण्याची वाफ होते, वरचा पापुद्रा सुटतो आणि भाकरी टम्म फुगते. तव्यावरच ठेवली तर ती कडक होते, फुगत नाही. एकीकडे तव्यावर एक, आरासमोर दुसरी, हातात तिसरी, असे आईचे चाललेले असते. आमच्या घराला रोज वीस-बावीस भाकरी लागतात.

भाकरी झाल्या की तापलेल्या तव्यावर हिरव्या मिरच्या, लसूण, मीठ. तव्यातच तांब्याच्या बुडाने रगडले की ठेचा. त्याला वेगळे भांडे लागत नाही आणि तो दोन दिवस टिकतो. मग जाळ ओढून घ्यायचा आणि आरावर वांगी ठेवायची. वांग्याला आधी सुरीने टोचे मारायचे, नाही तर आतल्या वाफेने ते फुटते. बाजारात स्वस्त मिळाले तर सुके बोंबील याच आरावर क्षणभर फिरवून कुटायचे. शेवटी उरलेल्या धगीवर झाकण घालून डाळ ठेवायची. दुपारी लहान मूल किंवा म्हातारे माणूस कोपीवर असेल त्याच्यासाठी ती कोमट राहते. एका जाळात ही पाच कामे होतात. यातला क्रम चुकला तर सरपण दुप्पट लागते, आणि ते सरपण आईलाच डोक्यावर आणावे लागते.

ज्या दिवशी घर हलवायचे असते त्या दिवशी शेंगोळे. हुलग्याच्या पिठात लसूण-मिरची घालून वळायचे आणि एकाच पातेल्यात रश्शात शिजवायचे. भाकरी थापायला परात नको, तवा नको. पातेले धुतले की ट्रॉली निघाली. शेंगोळ्यांना आज हॉटेलांत गावरान पदार्थ म्हणून जागा मिळाली आहे. आमच्याकडे तो पदार्थ सामान बांधण्याच्या दिवसाचा आहे.

आम्हा मुलांची मेजवानी वेगळी. कारखान्यात बिघाड होऊन तोड थांबली की मोठी माणसे झोपत आणि आम्ही कालव्याच्या चारीत खेकडे धरीत असू. ते आरावर टाकले की लाल होत. मीठ लावून खायचे. त्या काकांच्या मुलांनी पहिला घास खाऊन जशी एकमेकांकडे बघून मान हलवली, तशीच आम्ही हलवीत होतो.

या चुलीची किंमत

इतके वाचून कोणाला वाटेल की मी या चुलीची आरती ओवाळीत आहे. तसे नाही. सहलीनंतरच्या रविवारी मी वही घेऊन आई-वडिलांच्या कोपीवर गेले. पहाटे आईजवळ बसून मी तिला वैल, आर, वाऱ्याचे तोंड यांविषयी विचारीत होते आणि म्हणत होते, "आई, यात शास्त्र आहे गं." आई फुंकणी खाली ठेवून म्हणाली, "शास्तर आसंल तुजं; डोळं माजं हायेत."

मी वही मिटली. ती खरे बोलत होती. पहाटेच्या दवाने सरपण ओले झालेले असते. ओल्या लाकडाची बरीच उष्णता त्यातले पाणी उडवण्यातच खर्च होते, वायू नीट जळत नाहीत आणि त्यांचा धूर होतो. तो धूर वाकून फुंकणाऱ्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत जातो. आई रोज अडीच तास त्या धुरात असते, आणि त्यानंतर दिवसभर ऊस तोडून मोळ्या डोक्यावर वाहते. वडील कोयत्याला धार लावतात तोवर ती चुलीपाशी असते. कोयता दोघांचा मोजतात, पण चूल एकटीची असते, आणि तिची मजुरी कोणी धरीत नाही. ही गोष्ट मला इतकी वर्षे दिसत होती, पण कळली नव्हती.

दुसरा धोका आगीचा. कोपी म्हणजे बांबू, पाचट आणि ताडपत्री. चूल तिच्या दारात. मी चौथीत असताना एका दुपारी वारा फिरला. आमची चूल विझली असे समजून मी राखेवर पाणी टाकले नव्हते. फुफाट्यातला निखारा उडून शेजारच्या कोपीला लागला, तेथून आमच्या. माणसे फडावर होती म्हणून कोणाला इजा झाली नाही. आमचे आठ दिवसांचे धान्य, पांघरुणे आणि माझे दप्तर जळाले. मला कोणी रागावले नाही. पण वडिलांनी त्याच रात्री ठरवले की पुढच्या हंगामापासून मुलीला आजीजवळ गावी ठेवायचे. माझी शाळा त्यामुळे अखंड झाली आणि आज मी घराण्यातली पहिली मुलगी म्हणून या महाविद्यालयात आहे. माझ्या शिक्षणाची सुरुवात माझ्याच चुकीने लागलेल्या आगीपासून झाली, हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते.

तिसरा धोका दिसत नाही. थंडीत निखाऱ्यांची शेगडी आत घेऊन झोपण्याचा मोह होतो. निखारा जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतच माणूस दगावतो. आमची कोपी फटींची असते, तरीही आजी शेगडी आत घेऊ देत नसे. कॅराव्हॅन किंवा तंबू बंदिस्त असतो, तेथे तर हे फारच घातक. बाहेर भाजून झाल्यावर ‘अजून ऊब आहे’ म्हणून शेगडी आत नेऊ नये.

मग गॅस का नाही, असे कोणी विचारील. आमच्या गावच्या घरी सिलिंडर आहे. पण तो दारूबंद घरासारखा कुलपात राहतो असे म्हटले तरी चालेल. आम्ही सहा महिने बाहेर असतो. मोठे सिलिंडर ट्रॉलीतून न्यायचे, परक्या गावात भरून घ्यायचे, दिवसभर उघड्या कोपीत सोडून जायचे, हे सोपे नाही. 2021 साली उज्ज्वला योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला, त्यात स्थलांतरित कुटुंबांना शिधापत्रिका किंवा पत्त्याचा दाखला नसला तरी स्वतःच्या घोषणापत्रावर जोडणी मिळते. पाच किलोचे लहान सिलिंडरही निघाले आहेत. यंदा आमच्या टोळीत दोन कोप्यांत असे लहान सिलिंडर मी पाहिले. सकाळचा चहा आणि डाळ त्यावर होते, भाकरी अजून चुलीवरच. तरी तेवढ्याने त्या दोन बायका अर्धा तास उशिरा उठतात. आई म्हणाली, "आर्धा तास लई झाला." आईला उद्या गॅस मिळाला तर ती चूल सोडील, आणि ती सोडो, असेच मला वाटते. चूल जाईल, पण तिच्यामागची अक्कल कोणी लिहून ठेवली नाही म्हणून तीही जाऊ नये, एवढाच माझा हट्ट आहे.

शेवटी मित्रमैत्रिणींसाठी

परीक्षा संपल्यावर आपल्यापैकी अनेकजण भंडारदऱ्याला किंवा आणखी कोठे जातील. तंबूपाशी शेगडी असेल. त्यांच्यासाठी आईकडून आणि आजीकडून शिकलेल्या चार गोष्टी देते. ओले दगड आणि ओले लाकूड घेऊ नका. जाळावर भाजू नका, राख चढेपर्यंत थांबा. विस्तव बंद जागेत नेऊ नका. आणि उठताना राखेवर पाणी ओता, ती ढवळा, पुन्हा ओता. हात लावून गार लागेपर्यंत चूल विझली असे समजू नका.

परत निघताना रस्त्याच्या कडेला, उसाच्या रानाजवळ, पाचटाच्या कोप्यांची रांग दिसेल. पहाटेची वेळ असेल तर प्रत्येक कोपीच्या दारात एक तांबडा ठिपका दिसेल. ती सहल नाही, तेथे दोन वेळचा स्वयंपाक चालू आहे. त्यातली एखादी चूल माझ्या आईची असू शकेल.

त्या काकूंचा पत्ता माझ्याजवळ नाही. पण पुढे कोणी मला विचारले की विस्तव करायला कुठे शिकलीस, तर मी ‘घरी’ म्हणणार नाही. श्रीरामपूर तालुक्यात, ऊसतोडीच्या फडावर, आईच्या हाताखाली, असे पुरते उत्तर देईन.